ठगांच्या जबान्या व ठगाचें मन
मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ ही कादंबरी १८३९ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील अमीर अली ७१९ खुनांचा हिशेब निर्विकारपणें देतो. त्यावरून ठगाचें मन कळलें, असें पुष्कळांस वाटतें. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. स्लीमन यांच्या ‘रामासीआना’ (१८३६) ग्रंथांत बोलणाऱ्या ठगांप्रमाणें अमीर अलीहि माफीचा साक्षीदार होय. साथीदार पकडून दिले तरच अशाचा जीव वांचे. जितकें अधिक ठाऊक, तितकी साक्षीची किंमत अधिक. त्यांतच १८३६ च्या ३० व्या कायद्यानें केवळ टोळींत असणेंहि जन्मठेपेस पुरेसें ठरलें. अशा जबानींत गुन्हेगाराइतकेंच विचारणाराचें मनहि उमटतें. यास्तव मूळ जबान्या, त्यांतील प्रश्नांसह, ताडून पाहिल्यावांचून ठगाच्या स्वभावाविषयीं कोणीं सिद्धान्त बांधूं नये.