जीव लावून काम करणारी माणसं स्वतःसाठी बोलतात का?

माझ्या पीएचडीच्या वाचनात एक निष्कर्ष वेगवेगळ्या कपड्यांत सारखा भेटतो: ज्याला कामाची आतून ओढ असते, तो कामाच्या ठिकाणी जास्त मोकळेपणाने बोलतो. यातून व्यवस्थापनाला सल्लाही मिळतो. लोकांची अंतःप्रेरणा वाढवा, मग ते आपोआप तोंड उघडतील. ऐकायला छान वाटतं. पण हा निष्कर्ष जालन्यात आणून ठेवला की तो डुगडुगायला लागतो. तो नेमका कुठे डुगडुगतो, ते आज बघू.

आधी अंतःप्रेरणा म्हणजे काय, ते. १९७१ साली एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या फेरीत प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, पुढच्या फेरीत बंद केले. पैसे बंद झाल्यावर त्या गटातले विद्यार्थी मोकळ्या वेळात कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळले. याच धाग्यावर डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे स्वयंनिर्धारणाचा सिद्धांत उभा केला. माणसाला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवता येणं, जमतंय ही जाणीव आणि माणसांशी नातं. या तिन्ही मिळाल्या की प्रेरणा आतून येते.

इथपर्यंत माझं काही भांडण नाही. भांडण पुढच्या शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे ‘बोलणं’. संशोधनात त्याला ‘आवाज’ म्हणतात.

लिन व्हॅन डाइन आणि जेफरी लेपाईन यांनी १९९८ मध्ये हा आवाज मोजण्यासाठी सहा विधानांची पट्टी तयार केली. आजही ती भरपूर वापरली जाते. त्या पट्टीत आवाज म्हणजे काय? तर कामात सुधारणा व्हावी म्हणून सूचना करणं, नवी कल्पना मांडणं, इतरांना त्यात सहभागी करून घेणं. एलिझाबेथ मॉरिसन यांच्या २०११ च्या आढाव्यातली व्याख्याही तशीच आहे: संस्थेचं काम सुधारावं या हेतूने केलेलं बोलणं. आता बघा, या व्याख्येत ‘माझा पगार वाढवा’ बसत नाही. ‘हे काम माझं नाही, मी करणार नाही’ तर मुळीच बसत नाही. वर कितीतरी अभ्यासांत कोण किती बोलतं, याचे गुण त्याचा साहेबच देतो. साहेबाला जे बोलणं आवडतं, तेवढ्याचीच मोजदाद होण्याचा धोका त्यात आहे.

ही टीका काही माझ्याच डोक्यातून आलेली नाही. मायकल बॅरी आणि एड्रियन विल्किन्सन यांनी २०१६ मध्ये हेच विचारलं होतं, की हा आवाज समाजहिताचा आहे की व्यवस्थापनहिताचा? मी त्यांच्या प्रश्नात एक पाऊल पुढे टाकते. आवाज दोन प्रकारचा आहे, कामासाठीचा आणि स्वतःसाठीचा, हे मान्य केलं, तर अंतःप्रेरणा दोघांनाही सारखीच मदत करते का? मला वाटतं, नाही. पहिल्याला ती बळ देते. दुसऱ्याचा ती बऱ्याचदा गळा धरते.

उदाहरण अगदी जवळचं घेऊ. जुन्या जालन्यात गांधी चमनला जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. आसपासच्या गावांतून बायका बाळंतपणाला येतात तेव्हा बरोबर बऱ्याचदा गावची आशाताई असते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून ही आशा आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावात राहणारी. कागदोपत्री ती कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. तिला मिळतो तो पगार नाही, ‘मोबदला’ किंवा ‘मानधन’ आहे.

आता अशी एक आशाताई डोळ्यांपुढे आणा. रात्री दोनला पोटुशी बाई घेऊन ती दवाखान्यात आली. बेड मिळत नाही, तर ती नर्सताईंशी वाद घालेल, डॉक्टरांना उठवायला लावेल. ‘मॅडम, हिचं रक्त कमी आहे, आधी हिला बघा’ म्हणताना तिची जीभ अडखळणार नाही. पट्टी लावली तर तिला आवाजाचे पैकीच्या पैकी गुण. पण तीच ताई ‘मी रात्रभर थांबले, माझ्या जागण्याचं काय?’ असं किती सहज म्हणेल? म्हणालीच, तर उत्तर तयार असतं: अहो ताई, ही सेवा आहे, सेवेला काय मोल लावता! तिची ओढ खरी असते. म्हणूनच तर हे उत्तर तिच्यावर चालतं. ज्याला कामाचं सोयरसुतक नाही, त्याला ‘सेवा’ म्हणून गप्प बसवता येत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या रखवालदारांचा अभ्यास २००९ मध्ये मांडला. शिकलेली माणसं, पगार तुटपुंजा, पण प्राण्यांवर जीव. या जीवानेच त्यांच्या कामाला अर्थ दिला, आणि याच जीवापायी ती कमी पगार, जादा तास, गैरसोय सोसत राहिली. २०२० मध्ये जे युन किम आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू तपासली. एखाद्याला कामाची आवड आहे असं कळलं, की त्याच्याकडून बिनपगारी जादा काम करून घेणं बघणाऱ्यांना जास्त रास्त वाटतं. म्हणजे आवडीची किंमत दोन्हीकडून वसूल होते. आपण सोसतो आणि लोकांनाही ते सोसणं योग्य वाटतं.

यावर कुणी म्हणेल, पण आशाताई तर बोलल्या! बोलल्या, आणि चांगल्या खणखणीत बोलल्या. कोविडच्या काळात, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रभर त्यांनी संप केला. दरमहा १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पाडून घेतला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. पण नुसत्या गौरवाने मानधन वाढत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप. आश्वासन मिळालं, शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये परत संप, मग आझाद मैदानात ठिय्या. शेवटी मार्चमध्ये दरमहा ५,००० रुपयांची वाढ झाली.

मग प्रश्न असा, की या काळात त्यांची अंतःप्रेरणा वाढली होती का? तसं मानायला काही आधार नाही. काम तेच होतं, ओढही तीच. बदललं होतं ते हे, की बोलणारी एकटी नव्हती. संघटना होती, मागण्यांचा कागद होता, हजारो जणी बरोबर होत्या. एकटीने मागितलं की ते ‘स्वार्थी’ दिसतं. सगळ्यांनी मागितलं की तोच हक्क होतो. पट्टीवर मात्र या संपाला शून्य गुण, कारण त्यात एकेकट्या माणसाचं बोलणंच मोजलं जातं.

सिद्धांतावर अन्याय करायचा नाही, म्हणून एक सांगते. डेसी-रायन यांच्या मांडणीत आतली ओढ ही माणसाची एकट्याची मिळकत नाही. भोवतालच्या परिस्थितीने ती जगवावी लागते. ‘आपलं आपण ठरवता येणं’ ही गरज त्यांनी पायात घातली आहे. मग स्वतःच्या वेळेवर, मोबदल्यावर बोलता येणं हा त्या गरजेचाच भाग नाही का? सिद्धांतात ही जागा आहे. तो वापरणाऱ्यांनी ती रिकामी ठेवली. आणखी एक घोळ म्हणजे रजिस्टरं भरण्यात कोणाला कोड्यासारखी मजा येत नाही. आशाताईंची ओढ मजेची नाही, माणसांविषयीच्या बांधिलकीची आहे. दोन्हींना एकच ‘अंतःप्रेरणा’ म्हटलं की बांधिलकीची किंमत दिसेनाशी होते.

जालन्यातल्या सळईच्या कारखान्यांत तर प्रश्न आणखी मागे जातो. तिथे ठेकेदाराकडून आलेल्या, परराज्यातल्या कामगाराने ‘या भट्टीजवळ धोका आहे’ म्हणणं हा कामासाठीचाच आवाज आहे. पण उद्या ठेकेदाराने ‘येऊ नको’ म्हटलं, तर त्याची ओढ त्याला वाचवत नाही. त्याच्या गप्प बसण्याला ‘प्रेरणेचा अभाव’ म्हणणं ही सरळसरळ चुकीची तपासणी आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘प्रेरित कर्मचारी अधिक बोलतात’ असा पेपर हाती आला, तर तीन गोष्टी बघा. बोलणं कोणासाठीचं मोजलं? गुण कोणी दिले? आणि बोलल्यावर काय गमवावं लागलं असतं, हे विचारलं का? तिसरा प्रश्न बहुतेक वेळा गायब असतो. माझ्या प्रश्नावलीत तो पहिला असणार आहे.