नाळेवरील पुतळी आणि तिच्यामागील माणसें

शिडांच्या व्यापारी जहाजांचें वर्णन करतांना लेखकाची दृष्टि प्रथम नाळेवरील रंगविलेल्या काष्ठमूर्तीकडे जाते. तिच्या पाठीमागेंच, अंधाऱ्या व ओलसर कोठडींत, खलाशी राहत. तिकडे मात्र सहसा कोणी वळत नाहीं. रिचर्ड हेन्री डेना याचें १८४० सालीं प्रसिद्ध झालेलें 'टू यीअर्स बिफोर द मास्ट' हें पुस्तक ह्याच कारणानें निराळें ठरतें. नांवांतील डोलकाठीपुढची जागा ती हीच.

डोळे बिघडल्यामुळें हार्वर्डचें शिक्षण सोडून हा तरुण १८३४ मध्यें बोस्टनहून 'पिल्ग्रिम' जहाजावर साधा खलाशी म्हणून निघाला, आणि केप हॉर्नला वळसा घालून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्यानें कातडीं वाहिलीं. कप्तानानें दोन खलाशांना फटके मारल्याचा प्रसंग तो आक्रोश न करतां सांगतो. म्हणूनच तो वाचकाच्या मनांतून जात नाहीं.

परंतु पुस्तकाची खरी कसोटी पुढें आहे. १८३६ मध्यें परतण्याची वेळ येतांच कप्तान त्याच्याऐवजीं एका गरीब इंग्रज मुलाला त्या किनाऱ्यावर अडकवूं पाहतो, आणि सोबती डेनाकडे रोषानें पाहूं लागतात. अखेर मोबदला देऊन तो दुसरा बदली मिळवितो. सुखवस्तु घरच्या मुलाला परतीची वाट होती, इतरांना नव्हती, हें त्यानें लपविलें नाहीं.

तो त्या कोठडींतला पाहुणाच होता, हा पुस्तकाचा दोष म्हणावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पाहुणेपण कबूल केल्यामुळेंच त्याच्या साक्षीवर विश्वास बसतो.