पाईक आणि मूळ पुरुष

सह्याद्रीच्या माथ्यावर, गोव्याच्या सीमेलगत, जोयडा तालुक्यात दिग्गी हे गाव आहे. काळी नदीच्या खोऱ्याचा हा वरचा, दाट रानाचा भाग. या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घराण्यांनी शेती, कुळदेव आणि कुळकथा अशा तीन गोष्टी जपल्या. कुळकथांपैकी एक अनेक घरांतून थोड्याफार फरकाने सांगितली जाते. देवराईच्या कडेला किंवा मोडक्या देवळापुढे ढाल-तलवार घेतलेल्या पुरुषाची शिळा उभी असते. ती आपल्या मूळ पुरुषाची, तो लढाईत पडला आणि त्याच्या रक्ताच्या मोबदल्यात आपल्याला ही जमीन मिळाली, अशी ती कथा. आम्हीही ती लहानपणी ऐकली, तिचा अभिमान बाळगला आणि विचार न करता पुढच्या पिढीच्या हाती दिली. आज त्या शिळेपुढे पुन्हा उभे राहून, तिच्यावर काय कोरले आहे आणि आम्ही तिच्याविषयी काय सांगत आलो, याचा ताळा घ्यावासा वाटतो.

प्रथम शिळेकडे पाहू. वीरगळ हे आपल्याकडचे सर्वांत जुने आणि सर्वांत विपुल असे युद्धस्मारक आहे. त्याची रचना ठरावीक असते आणि ते खालून वर वाचायचे असते. सर्वांत खालच्या चौकटीत झुंज किंवा पडलेला वीर. त्याच्या मागे गाई कोरलेल्या असल्या, तर गोधन पळवणाऱ्यांशी लढताना आलेले ते मरण समजावे. कन्नडमध्ये अशा प्रसंगाला ‘तुरुगोळ’ म्हणतात. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. जैन वीराच्या शिळेवर त्या जागी जिनमूर्ती येते. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहील असे आश्वासन. शेजारी कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असला, तर तो सतीचा.

शिल्प म्हणून या शिळेचे मोल करताना देवळाच्या भिंतीवरील मूर्तीशी तिची तुलना केली जाते आणि ती ओबडधोबड ठरवून बाजूला सारली जाते. हा निकष आम्हांला अन्यायकारक वाटतो. मूर्तिकाराला देवाचे रूप घडवायचे असते. वीरगळ घडवणाऱ्याला हातभर रुंदीत एक घटना, एक प्रवास आणि एक आश्वासन बसवायचे असते. म्हणून वीर मोठा, शत्रू लहान, घोडा जेमतेम कुत्र्याएवढा. हे प्रमाणाचे अज्ञान नव्हे, महत्त्वाचा क्रम दाखवण्याची ती रीत आहे. खालची चौकट गर्दीची, मधली हलकी आणि वरची स्थिर. दृष्टी वर सरकते तसा कोलाहल ओसरत जातो. मात्र या कलेची एक मर्यादाही याच ठिकाणी दिसते. वीराचा चेहरा कुणा एका माणसाचा नसतो, तो कोणत्याही वीराचा असतो. अक्षरे कोरलेली नसतील, तर त्याचे नाव, गाव आणि धनी यांविषयी शिळा मुकी राहते. बहुसंख्य वीरगळांवर अक्षरे नाहीतच. या मुकेपणातच कथांना जागा मिळते.

या कथांचे तीन प्रकार आमच्या ध्यानात आले. पहिला दूरच्या पुराणकाळाचा: हे दगड पांडवांनी एका रात्रीत उभे केले, किंवा शापाने वऱ्हाडाचेच दगड झाले. दुसरा देवाचा. गोव्यातल्या अनेक गावांत वीरगळांना ‘पाईक’ म्हणून तेल-फुले वाहिली जातात आणि तो गावाची राखण करतो असे मानले जाते. तिसरा प्रकार मूळ पुरुषाचा, म्हणजे आपला.

या तिहींपैकी सर्वांत खरी कथा कोणती, असे विचारले तर आम्ही दुसरीकडे बोट दाखवू. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. पूजा करणाऱ्याला लढाई ठाऊक नाही, राजा ठाऊक नाही, शतक ठाऊक नाही. पण हा कुणी शिपाई होता आणि गावासाठी उभा राहिला, एवढी मूळ गोष्ट त्या एका शब्दाने धरून ठेवली आहे. पूजेने इतिहास पुसला जातो, असे म्हणणाऱ्यांनी या शब्दाचा विचार करावा.

मूळ पुरुषाच्या कथेची अडचण वेगळी आहे. गोवा आणि त्याला लागून असलेला घाटमाथा यांवर १० व्या ते १३ व्या शतकांत गोव्याच्या कदंबांची सत्ता होती. त्यांची राजधानी प्रथम चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, आणि पुढे गोपकपट्टण. कोकण आणि घाटावरचे पलसिगे, म्हणजे खानापूरजवळचे हलशी, असे दोन्ही प्रदेश त्यांच्याकडे होते. मधले घाट अर्थातच रहदारीचे आणि म्हणून राखणीचे. तीन चौकटींचे, लिंगपूजेचे आणि अप्सरांचे वीरगळ सामान्यतः याच शतकांतले. आपल्या कुळकथा मात्र सांगतात, की आपण पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे गोवा सोडून वर आलो, किंवा मराठ्यांच्या फौजेबरोबर आलो. गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले १५६० साली. शिवाजी महाराजांनी फोंडा घेतला १६७५ साली. म्हणजे आपल्याच दोन कथा एकमेकींशी जुळत नाहीत. आपण आलो तेव्हा तो दगड तिथे तीन-चारशे वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ उभा असणार. याच्या उलट टोकाला जाणेही बरोबर नाही. वीरगळ उभारण्याची चाल पुढेही चालू होती, आणि एखाद्या साध्या शिळेवर बंदूक दिसली तर ती अर्थातच नंतरच्या काळातली. प्रत्येक शिळा कदंबांचीच, असे न पाहता ठरवणे हीसुद्धा एक कुळकथाच होईल.

कथा रचण्याचा मोह केवळ आपल्याला होतो असे नाही. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ प्रसिद्ध आहेत. माणसाहून उंच अशा या शिळांपैकी काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या जहाजांची लढाई कोरली आहे. भारतीय शिल्पात आरमारी युद्ध इतके स्पष्ट क्वचितच दिसते. ही लढाई कोणती, यावर अभ्यासकांनी दोन उत्तरे दिली. काहींनी ती परमार भोजाच्या कोकणस्वारीशी जोडली. भोजाच्या १०२० च्या ताम्रपटात कोकणविजयाचा उल्लेख आहे. इतरांनी ती देवगिरीचा यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या १२६५ च्या सुमाराच्या संघर्षाची मानली. हेमाद्रीच्या प्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा निर्देश आहे. दोन्ही उत्तरांमध्ये सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर आहे, आणि शिळा तीच आहे. दुसरे उत्तर अधिक लोकप्रिय ठरले, कारण त्यात बुडणारा राजा आहे. विद्वानांनाही आपल्या आजीसारखीच चांगल्या शेवटाची ओढ असते. फरक एवढाच, की विद्वान आपली कथा कशावरून सांगितली ते नोंदवतो आणि म्हणून ती तपासता येते. आजीच्या कथेत ती सोय नसते.

चित्र आणि घटना यांत किती अंतर असू शकते, हे पाहायचे तर कर्नाटकातल्याच आतकूरच्या शिळेकडे वळावे. ती आता बंगळुरूच्या शासकीय संग्रहालयात आहे. तिच्यावर एक कुत्रा आणि एक रानडुक्कर यांची झुंज कोरली आहे. अक्षरे नसती तर कुणीही म्हटले असते, की हे शिकारीचे चित्र. सुदैवाने तिच्यावर जुन्या कन्नडमधला लेख आहे. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यात तक्कोलम येथे ९४९ साली लढाई झाली. त्यात गंग बूतुगाने चोळ राजपुत्र राजादित्य याला मारले. बूतुगाचा सेवक मणलेर याने पराक्रमाचे बक्षीस म्हणून धन्याकडे काली नावाचा कुत्रा मागून घेतला. तो कुत्रा रानडुकराशी झुंजताना मेला, डुक्करही मेले, आणि कालीच्या स्मरणार्थ ही शिळा देवळापुढे उभी राहिली. शिळेची पूजा केल्याखेरीज पुजाऱ्याने जेवू नये, असेही लेखात बजावले आहे. एका साम्राज्याच्या युद्धाची हकीकत कुत्र्याच्या स्मारकावर लिहिलेली असावी, हे कोणत्याही आजीला किंवा अभ्यासकाला नुसत्या चित्रावरून सुचले नसते. मुक्या शिळेविषयी बोलताना आपला आवाज किती खाली ठेवावा, हे आतकूर शिकवते.

याच्या उलट उदाहरण आपल्या अधिक जवळच्या काळातले आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाची संगमरवरी पाटी भिंतीत बसवलेली आढळते. या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. तिथे आकडा आहे आणि चेहरा नाही. वीरगळावर चेहरा आहे आणि नाव नाही. दोन्ही ठिकाणी स्मारक उभारणाऱ्यांना वाटले असणार, की नाव गावाला ठाऊकच आहे, ते लिहायचे कशाला. गाव विसरते, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

आता आमच्या मनातली खरी चिंता सांगतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपल्या या सीमाभागात प्रत्येक जुना दगड साक्षीदार म्हणून उभा केला जातो. एकाने त्याला मराठा मावळा म्हणावे, दुसऱ्याने कन्नड वीर म्हणावे. शिळेला शेंदूर लागला, सिमेंटचा चौथरा आला, उद्या वर घराण्याच्या नावाची संगमरवरी पाटीही बसेल. शेंदराच्या पुटांखाली चौकटी बुजतात, सिमेंटखाली सर्वांत खालची चौकट, म्हणजे प्रत्यक्ष लढाई, गाडली जाते. आणि पाटी बसली, की पुढच्या पिढीला विचारण्यासारखे काही उरतच नाही. ज्या शब्दाने आपण ही शिळा आपली म्हणतो, तो ‘वीरगळ’ शब्दच कन्नडमधून आला आहे; कल्लु म्हणजे दगड. मराठी भाषेने तो इतका आपलासा केला, की त्याचे परकेपण कुणाला जाणवत नाही. आपली घराणीही या मुलखात अशीच मुरली. मग दगडाचा मालकीहक्क सांगण्याची घाई कशासाठी?

मूळ पुरुषाची कथा टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. ती त्या वीराविषयी फारसे सांगत नसली, तरी आपल्याविषयी पुष्कळ सांगते. घर सोडून अनोळखी रानात आलेल्या माणसांना तिथे आधीच उभा असलेला एक शस्त्रधारी राखणदार दिसला. त्यांनी त्याला भ्याले नाही, फोडून बांधकामाला वापरले नाही. त्याला पूर्वज मानले. आश्रय मागण्याची याहून सभ्य रीत दुसरी नसेल. हा आपल्या वस्तीचा इतिहास आहे आणि तो दगडाच्या इतिहासाइतकाच खरा आहे. फक्त दोन्ही इतिहास एका पाटीवर लिहू नयेत.

१९८२ साली सेट्टर आणि सोंथायमर यांनी संपादित केलेला स्मारकशिळांवरचा मोठा ग्रंथ धारवाडहून निघाला. एवढे काम आपल्या शेजारी झाले असताना आपल्या घरांतल्या कथा मात्र अजून वहीत उतरलेल्या नाहीत. जुने सुपे गाव १९८० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेले, तेव्हा वस्ती आणि तिच्याबद्दल बोलणारी माणसे एकाच वेळी कशी पांगतात, हे या तालुक्याने पाहिले आहे. म्हणून वाचकांना विनंती, की आपल्या गावच्या शिळेचे माप घ्यावे, चौकटी खालून वर मोजाव्यात, काय दिसते तेवढेच लिहावे. मग वेगळ्या पानावर कथा लिहावी आणि ती कुणी, कुणाकडून ऐकली तेही लिहावे. शिळेला पाणी घालावे, फूल वाहावे. शेंदूर आणि सिमेंट आवरावे. पाईक इतकी शतके नावाविना उभा आहे. आपले नाव त्याच्यावर लादले नाही, तर तो आपल्यावर रागावणार नाही.