‘भरजरी’ ह्या विशेषणापलीकडे : बालगंधर्वांच्या रंगवेषाचा विचार

बालगंधर्वांविषयी लिहिताना त्यांच्या गायनाला ‘दैवी’ आणि त्यांच्या वेषाला ‘भरजरी’ अशी दोन विशेषणे आपण जणू कायमची बहाल करून टाकली आहेत. पैकी पहिल्याची चिकित्सा संगीताचे जाणकार करीत आले आहेत. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र चिकित्सेपेक्षा उद्गारच अधिक आले. शालू, पैठण्या, दागिने आणि अत्तरे ह्यांची यादी द्यावयाची, त्या वैभवापायी कंपनी कर्जात बुडाली म्हणून हळहळावयाचे, किंवा तत्कालीन स्त्रियांनी त्यांचे अनुकरण केले म्हणून कौतुक करावयाचे, असा प्रघात पडून गेला आहे. हळहळ आणि कौतुक ह्या दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे : वेष म्हणजे वस्तू, आणि तिची किंमत कळली की तिचा अर्थ कळला. हे गृहीत कितपत टिकते, ते येथे पाहावयाचे आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) हे १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत रंगभूमीवर उभे राहिले. त्यावेळी संगीत नाटकातील नायिकेचा वेष ही काही कोरी पाटी नव्हती. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून पुरुष नटांनी स्त्रीभूमिका करण्याचा संकेत रूढ झाला होता आणि भाऊराव कोल्हटकरांची स्मृती प्रेक्षकांच्या मनात ताजी होती. दुसरीकडे, १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेली चित्रे घरोघरी पोहोचली होती. पुराणातील नायिकांना लुगडे नेसलेल्या पाहण्याची सवय त्या चित्रांनी मराठी डोळ्यांना लावली होती. १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस ह्यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाल्यावर, आपल्या नायिकेने काय ल्यावे व काय नेसावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य बालगंधर्वांना लाभले.

‘ल्यावे’ आणि ‘नेसावे’ ही दोन क्रियापदे मी हेतुपुरस्सर वापरली आहेत. वेषाच्या बाबतीत मराठी भाषा कमालीची काटेकोर आहे. सदरा आणि चोळी आपण घालतो, लुगडे आणि धोतर नेसतो, शेला पांघरतो, पागोटे बांधतो, फुले माळतो, अलंकार लेतो. नेसणे ह्या क्रियेत कापडाला आधीपासून आकार नसतो. शिवलेले वस्त्र स्वतःचा आकार घेऊन येते, आणि अंगाने त्यात शिरावयाचे असते. नेसण्याचे वस्त्र मात्र प्रत्येक वेळी अंगावरच घडते : निऱ्या चुणाव्या लागतात, कासोटा नीट बसवावा लागतो, पदराची लांबी ठरवावी लागते. शिवाय एकदा नेसले म्हणजे काम संपले असेही नाही. पदर सावरणे, ओढून घेणे, कमरेला खोचणे, डोळ्यांना लावणे ह्या क्रिया चालूच राहतात, आणि त्यांतील प्रत्येकीला मराठी घरात ठरलेला अर्थ असतो. म्हणजे शालू ही वस्तू असली, तरी नेसलेला शालू हे वर्तन आहे. पैसा असणाऱ्या कोणत्याही मंडळीला तोच शालू विकत घेता आला असता. ते वर्तन विकत घेता आले नसते. बालगंधर्वांच्या वेषाचा विचार नामांच्या यादीने होणार नाही, तो क्रियापदांनी करावा लागेल, असे मला वाटते, ते ह्यामुळे.

ह्या दृष्टीने त्यांच्या तीन भूमिका शेजारीशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (१९११) वेष हा कथानकाचाच विषय आहे. श्रीमंतीच्या अभिमानाने भामिनी गरीब धैर्यधराला नाकारते. पुढे तीच वनमाला होऊन साध्या वेषात त्याच्यासमोर वावरते. आणि दागिन्यांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर हास्यास्पद ठरतो. नाटककाराचा कौल उघडउघड डामडौलाविरुद्ध आहे. मात्र ज्या भामिनीला अलंकार उतरवून शहाणे व्हावयाचे, तिचे अलंकार पाहण्यासाठीही प्रेक्षक येत होते. ह्या विसंगतीकडे समीक्षकाने डोळेझाक करू नये. तथापि वनमालेच्या साधेपणाला नाट्यमूल्य प्राप्त होते ते भामिनीचे ऐश्वर्य प्रेक्षकांनी आधी डोळे भरून पाहिलेले असते म्हणूनच, हेही तितकेच खरे.

‘स्वयंवरा’तील (१९१६) रुक्मिणी राजकन्या आहे. तिच्या अंगावरचे वैभव गर्वाचे चिन्ह नसून कुलाचे व शालीनतेचे चिन्ह आहे. तेच जर, तेच मोती. पण संदर्भ पालटला आणि अर्थही पालटला. ‘एकच प्याला’तील (१९१९) सिंधूच्या बाबतीत तर वेषाचा क्रम उलटतो. सुखवस्तू घरातली ही स्त्री अंकागणिक एकेक गोष्ट गमावीत जाते आणि अखेरीस कष्ट करून संसार ओढते. येथे चिन्हाचे कार्य त्याच्या अभावाने साधले जाते. भाषाशास्त्रात ज्याला आपण शून्यरूप म्हणतो, तशासारखेच हे : जे नाही, तेच बोलते. मात्र ते बोलावे ह्यासाठी ‘असणे’ काय असते ते प्रेक्षकांना ठाऊक असावे लागते. आणि भामिनी-रुक्मिणी पाहिलेल्या प्रेक्षकांना ते पुरेपूर ठाऊक होते. एका नटाच्या भूमिका अशा परस्परसंबंधाने अर्थपूर्ण होतात, ही गोष्ट भूमिका सुट्या घेऊन विचार करणाऱ्या समीक्षेच्या हातून निसटते.

आता दोषाची बाजू. ‘द्रौपदी’च्या (१९२०) निर्मितीत मयसभेच्या थाटासाठी मंडळीने सढळ हाताने खर्च केला आणि कर्जाचे ओझे पुढे वर्षानुवर्षे तिच्या मानेवर राहिले. त्याचे खापर केवळ शालूंवर फोडणे अन्यायाचे आहे. नेपथ्य, वादक, मोठा परिवार आणि ढिला हिशेब ही सारीच कारणे होती. पण कलेच्या दृष्टीने आक्षेप उरतोच. जेथे वैभव भूमिकेच्या गरजेतून न येता प्रेक्षकांच्या अपेक्षेतून येऊ लागले, तेथे वेषाचे वाक्य तुटले आणि सुटे शब्द तेवढे चमकत राहिले. ‘भरजरी’ हे विशेषण त्या अवस्थेचे यथार्थ वर्णन करते. सबंध कारकीर्दीला ते लावणे ही चूक होय.

वारशाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बालगंधर्वांचे पाहून स्त्रिया लुगडी नेसू लागल्या, केस बांधू लागल्या, असे समकालीनांनी वारंवार नोंदविले आहे. गुजराती रंगभूमीवरील जयशंकर ‘सुंदरी’ ह्यांच्याविषयीही असेच सांगितले जाते. कुलीन स्त्रीला रंगमंचावर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्या काळात कुलीन स्त्रीने कसे दिसावे ह्याचा वस्तुपाठ एक पुरुष देत होता. ह्यात अन्याय आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण हा व्यवहार एकतर्फीही नव्हता. पुरुषाला ही रीत प्रथम घरच्या-दारच्या स्त्रियांकडूनच शिकावी लागली. आधी तो नेसावयास शिकला आणि मग त्याने महाराष्ट्राला नेसविले. मूळ क्रियापद स्त्रियांचे. त्याचे प्रयोजक रूप तेवढे नटाचे. अनुकरण करणाऱ्या स्त्रिया आपलेच काही, अधिक रेखीव होऊन, परत घेत होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३३ साली नाट्यमन्वंतराच्या ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या आणि जुन्या संकेताचा पाया ढासळला. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात खुद्द बालगंधर्व संत एकनाथांच्या वेषात दिसले. पुढे १९६८ साली पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. त्यांच्यावरील २०११ सालच्या चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल नीता लुल्ला ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शतकापूर्वीचा रंगवेष आता स्वतःच पुनर्निर्मितीचा विषय झाला आहे.

अशा पुनर्निर्मितीला छायाचित्रांचा आधार मिळतो, आणि छायाचित्र आपल्याला नाम देते, क्रियापद देत नाही. पदर कोठे होता ते दिसते; कोणत्या शब्दावर तो हलला ते दिसत नाही. नेसण्या-लेण्याची ही शब्दसंपदाही आता बोलण्यातून ओसरू लागली असून साडी सर्रास ‘घातली’ जाते. जुन्या आठवणींतून, नाट्यसंहितांतील रंगसूचनांतून आणि वृद्ध स्त्रियांच्या तोंडून ही क्रियापदे वेळीच गोळा करणे हे आपल्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखे काम आहे. ते झाले, तर बालगंधर्वांच्या शालूची किंमत सांगण्याऐवजी त्याचा अर्थ सांगणे शक्य होईल.