हद्द नसलेले वीर

२०२५ च्या ऑगस्टअखेर प्रदर्शित झालेला ‘लोका’ हा मल्याळी चित्रपट मी येथेच, बंगळुरात पाहिला. पुढच्या रांगेतली केरळी मुले पडद्यावरच्या प्रत्येक संकेताला शिट्ट्या मारीत होती. त्यांतले निम्मे संकेत मला उमगले नाहीत, तरी घरी परतताना आनंदाच्या जोडीला एक चमत्कारिक चडफड मनात घेऊन परतलो. केरळच्या दंतकथांतली कळ्ळियंकाट्ट नीली, जिचे नाव काढताच तिकडची पोरे अंथरुणात दडत, ती यक्षी डॉमिनिक अरुण यांनी कल्याणी प्रियदर्शनच्या रूपाने या शहरातल्या एका भाड्याच्या जागेत आणून बसविली, तिला रात्रपाळीच्या नोकरीस लावले, समोरच्या बिऱ्हाडातल्या उडाणटप्पू पोरांना तिच्याकडे चोरून पाहावयास लावले, आणि एवढ्या घरगुती मांडणीतून अशी एक वीरांगना उभी केली, की जिच्या सामर्थ्याचा उगम प्रयोगशाळेत न शोधता आजीच्या गोष्टीत शोधावा लागतो.

चडफड अशासाठी, की हा शोध मराठीला एकदा लागून गेलेला आहे. ‘टाइम्स’ने १९६४ साली इंद्रजाल चित्रकथा सुरू केल्या आणि ली फॉकच्या फँटमला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा कोणा अनामिक अनुवादकाने ‘वेताळ’ हे नाव उचलले. त्याच्या मनात विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ होता की कोकणातला, हे सांगणे अशक्य आहे. परंतु हात अचूक ठिकाणी पडला. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते तत्काळ कळेल. माणसाहून उंच अशी ती उभी मूर्ती, नवसाला वाहिलेले केळ्यांचे घड, आणि कोणाही मर्त्याच्या पायाला न बसणाऱ्या, कातड्याच्या त्या अगडबंब वहाणा! देव रात्री गावाची फेरी करतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक नव्या आणून ठेवतात. आणि जुन्यांचे तळवे पाहा, झिजलेले आहेत, असे तिथला माणूस आपल्याला शांतपणे, काही विशेष सांगतो आहोत असा आव न आणता, सांगतो. ज्या वीराचे इंग्रजी बिरुदच ‘चालते भूत’ अशा अर्थाचे, जो अरण्याची गस्त घालतो, आणि बापामागे मुलगा तोच पोशाख चढवीत असल्यामुळे जो अमर आहे अशी भोवतालच्या लोकांची श्रद्धा, त्याला याहून समर्पक नाव कोणत्या भाषेने दिले असेल? पुढे त्याच्या मुलखाच्या मूळ नावाची बंगालशी गल्लत होऊ नये म्हणून ते ‘डेंकाली’ असे करण्यात आले; नकाशात नसलेला मुलूख, पण कवटीच्या गुहेपासून त्याची शीव आम्हा वाचकांना तोंडपाठ होती.

शीव हाच वीरकथांच्या या कलेचा प्राण आहे, असे माझे मत आहे. पाश्चात्त्यांनी अशा वीराला सुपरहीरो म्हणावे. आपल्याकडे तो गावराखण्या आहे, आणि राखणदाराला राखावयाची हद्द नेमून दिलेली नसेल तर त्याच्या बळाला अर्थ राहत नाही. बेसिल जोसेफ यांच्या ‘मिन्नल मुरली’त (२०२१) वीज अंगावर पडून बलाढ्य झालेला शिंपी अखेरपर्यंत एका खेड्याचाच राहतो, आणि त्याचा प्रतिस्पर्धीही त्याच खेड्याने हिणवलेला निघतो. ऋषभ शेट्टींच्या पहिल्या ‘कांतारा’त (२०२२) तर जमिनीची हद्द हाच तंटा आहे, दैवाने दिलेली सनद मोठी की सरकारी दफ्तरातली, एवढाच सवाल. त्याच ‘कांतारा’चा दुसरा भाग राजेरजवाड्यांच्या आतषबाजीत गेला.

बाकीच्यांविषयी फार लिहावे असे नाही. ‘क्रिश’ला उड्या मारता येतात. हिंदी चित्रकथांतल्या नागराजच्या पहिल्या अंकाला प्रताप मुळीकांची रेषा लाभली, एवढे त्याचे भाग्य. आणि २००४ साली धोतर नेसवून मुंबईत सोडलेला पवित्र प्रभाकर हा वेषांतर केलेला पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅनच होता.

याच पवित्र प्रभाकराला २०२३ च्या स्पायडर-मॅन चित्रपटात ‘मुंबॅटन’ नावाचे, मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या संकरातून निघालेले नगर बहाल करण्यात आले. त्याची रंगसंगती जुन्या इंद्रजाल चित्रकथांवरून घेतल्याचे सांगितले गेले, आणि तो चित्रपट मराठीतही भाषांतरित होऊन आला. जप्तीत गेलेली घरची भांडी लिलावात पुन्हा विकत घ्यावी आणि वर कल्हई चांगली झाली म्हणून संतोष मानावा, तशी ही गत! शिवाय त्या कथेत विश्वे अनंत आहेत. अनंत विश्वांचे रक्षण करणारा वीर कोणत्या वेशीवर उभा राहणार आणि त्याच्या वहाणा कोणत्या वाटेवर झिजणार? मेलेले पात्र शेजारच्या विश्वातून परत मागविण्याची सोय झाली की मृत्यूचेही भय उरत नाही, आणि भय गेले की शौर्य केवळ कवायत होते.

कोणी म्हणेल, की ही खेड्यापाड्यांची गोष्ट झाली. चार दिशांचे केंपेगौडांच्या काळचे बुरूज कधीच पोटात घालून बसलेल्या या शहराला शीव कुठली? तर नीलीने त्याचेच उत्तर दिले आहे. ती आमच्यासारखीच परमुलखातून आलेली भाडेकरू. आणि तरीही ज्या गल्लीत बिऱ्हाड केले ती गल्ली तिची झाली. राखण म्हणजे परक्याला हुसकावणे असा अर्थ लावणारे सांप्रत मराठीतही आहेत आणि कन्नडमध्येही. त्यांनी हा चित्रपट पुन्हा पाहावा. बंगळूरच्या मुलींविषयी त्यात एक उणे वाक्य होते, त्याबद्दल निर्मात्यांना क्षमा मागावी लागली, आणि ते योग्यच झाले: मॅजेस्टिकजवळच्या अण्णम्मेच्या, म्हणजे या गावच्या ग्रामदेवतेच्या हद्दीत उतरणाऱ्या यक्षीने निदान तिचा मान राखावयास हवा होता.

मराठीत मात्र निखिल महाजन यांच्या ‘बाजी’ने (२०१५) कोकणातले गाव आणि त्याचा राखणदार घोडेस्वार असे अस्सल बी पेरले, त्यावर मुखवटा परदेशी बेताचा चढविला, आणि पुढे ते शेत कोणी नांगरले नाही. आदित्य सरपोतदारांचा मुंज्या (२०२४) कोकणातलाच, पण बोलला हिंदी. पैसा नाही ही सबब मी ऐकणार नाही. चित्रकथेला कागद, शाई आणि एक चित्रकार लागतो. जो कोणी तरुण चित्रकार आज मुंबईत किंवा पुण्यात बसून गगनचुंबी इमारतींवरून उडणारा माणूस काढीत असेल, त्याने ते काम आठ दिवस बाजूला ठेवावे, वही घ्यावी आणि वेंगुर्ल्याहून शिरोड्याची वाट धरावी. आरवली वाटेतच लागते, आणि वहाणा देवळातच ठेवलेल्या असतात.