घरचे औषध लिंबू : एका पुस्तिकेच्या निमित्ताने

गेल्या उन्हाळ्यात जुळे सोलापुरात घरगुती उपचारांची एक पुस्तिका आमच्या हाती आली. पित्तापासून मुरुमांपर्यंत अनेक तक्रारींवर तिच्यात लिंबू सुचवले आहे. ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हे पालुपद पानोपानी. भाषा सोपी, छपाई स्वच्छ. शाळेच्या कपाटात ती सहज जाईल, म्हणूनच हे लिहीत आहोत.

पुराव्यादाखल जेम्स लिंडचा प्रयोग दिला आहे. १७४७ साली या नाविक डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री व लिंबू मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. हे खरेच. पण एका जोडीला व्हिनेगर आणि दुसरीला विरल गंधकाम्ल दिले होते, त्यांचा रोग हटला नाही, हे पुस्तिका सांगत नाही. म्हणजे गुण आंबटपणाचा नव्हता, ‘क’ जीवनसत्त्वाचा होता! शिवाय लिंडचे लिंबू जाड सालीचे, मोठे. आपल्या कागदी लिंबाच्या रसात हे जीवनसत्त्व त्याहून बरेच कमी. ब्रिटिश नौदलाने पुढे वेस्ट इंडीजच्या लहान लिंबांचा साठवणीचा रस घेतला, आणि १८७५ च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्हीने पुन्हा डोके वर काढले.

सरबताचे पान आम्हाला आवडले. सोलापूरच्या उन्हात त्यासारखे पेय नाही. मात्र जुलाबावर ‘चवीपुरते मीठ-साखर’ चालत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे माप पाळावेच लागते. लिंबू त्यात फक्त चवीला.

आमचा खरा आक्षेप मुरुमांच्या पानावर आहे. रस चेहऱ्याला चोळून कोवळ्या उन्हात बसा, असे तिथे म्हटले आहे. लिंबाच्या सालीत व रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे चट्टे, कधी फोड उठतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. असे गाल घेऊन आलेली नववीतली एक मुलगी आम्ही पाहिली आहे. ते पान फाडूनच पुस्तिका कपाटात ठेवावी.

लिंडचा मुद्दा वर्गात दाखवता येतो. पातळ पेजेत टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका, निळा रंग येईल. लिंबाचा ताजा रस थेंबाथेंबाने घातला की तो जातो. दुसऱ्या पेल्यात व्हिनेगर घालून पाहा. निळा रंग तसाच राहतो.