प्रार्थनेचे पाणी

१९९५ च्या सप्टेंबरात देशभर गणपती दूध प्याला. २०१२ च्या मार्चमध्ये मुंबईत, विलेपार्ल्याजवळ इर्ला येथे, वेलंकणी मातेच्या चर्चमधील क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. देव निराळे, पण राबला तो द्रवाचा एकच स्वभाव : पृष्ठताण आणि केशाकर्षण. इर्ल्याचे भाविक ते पाणी तीर्थ म्हणून प्याले. सनल एडामारुकू यांनी मागे जाऊन पाहिले, तर तुंबलेल्या गटाराची ओल भिंतीतून वर चढत होती. चर्चने अधिकृतपणे चमत्कार जाहीर केला नव्हता. तरी भावना दुखावल्याच्या तक्रारी २९५ अ कलमाखाली झाल्या आणि त्याच वर्षी एडामारुकूंनी फिनलंड गाठले. गटार तुंबल्याने मात्र कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत!

प्रार्थनेने देह सुधारतो हा दावा मोजता येतो, आणि तो मोजलाही गेला आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८७२ साली दाखवले की ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी सारे राष्ट्र प्रार्थना करते ते राजेच सुखवस्तू वर्गांत सर्वांत अल्पायुषी. २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने अमेरिकेतल्या १,८०२ बायपास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना खात्रीने ठाऊक होते, त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के. ज्यांना खात्री नव्हती, त्यांच्यात प्रार्थना होवो न होवो, ५२ आणि ५१. बिचारे धास्तावले असतील : एवढी माणसे देवाला साकडे घालतात, म्हणजे आपले काही खरे नाही!

आमच्या नाशकात हे सांगितले की पांढरपेशा मंडळी मनसोक्त हसतात. रामकुंडात अस्थी काही तासांत विरघळतात, यावर मात्र त्यांना हसू येत नाही. हे हसणे विवेकाचे नव्हे, जातीचे आहे. चंगाईच्या सभेत बसतो तो वस्तीतला माणूस. तिथे कुणीतरी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो, नाव घेऊन विचारपूस करतो. ज्या शहरात १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह करूनही काळारामाचे दार आमच्यासाठी उघडले नाही, तिथे त्या हाताची किंमत मी कमी लेखणार नाही. बरे वाटते ते त्या स्पर्शाने.

पण बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे, आणि माझे भांडण नेमके इथे आहे. क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने घ्याव्या लागतात. खोकला मात्र काही आठवड्यांतच उतरतो, वजन वाढते. नेमक्या याच वेळी सभेत साक्ष देण्याचा आग्रह होतो. टाळ्या पडतात, गोळ्या सुटतात. पुढे रोग उलटतो, कधी औषधाला न जुमानणारा होऊन. तेव्हा त्या माणसाला साक्ष द्यायला कुणी बोलावत नाही.